व्यसन एकाचं, उपचार मात्र साऱ्या गावाचा

तुमच्या घरातला औषधांचा डबा आज उघडून पाहा. कुणाच्या तरी ऑपरेशननंतर उरलेल्या चार-सहा वेदनाशामक गोळ्या त्यात सापडतील. 'लागतील कधीतरी' म्हणून आपण त्या ठेवून देतो. अमेरिकेतल्या एका ग्रामीण भागात अशा गोळ्यांपायी अनेक घरांत अकाली मृत्यू झाले. तिथल्या लोकांनी त्यावर काय केलं, हे आपण समजून घ्यायला हवं असं मला वाटतं.

ओपिऑइड म्हणजे काय?

अफूपासून मिळणारी किंवा तिच्यासारखी काम करणारी द्रव्यं म्हणजे ओपिऑइड. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, ऑक्सिकोडोन आणि हेरॉइन ही सगळी याच कुटुंबातली. ती वेदना दाबतात आणि काही काळ बरंही वाटायला लावतात. पण शरीर त्यांना सरावतं, मग तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागते. अचानक बंद केली तर अंगदुखी, जुलाब, घाम, निद्रानाश सुरू होतात. मात्रा फार झाली तर श्वास मंदावतो आणि थांबतो. माणूस झोपलाय असं घरच्यांना वाटत राहतं.

विल्क्स काउंटीत काय घडलं?

नॉर्थ कॅरोलिना राज्यात डोंगरांच्या पायथ्याशी विल्क्स काउंटी आहे. २०१० मध्ये तिथली वस्ती जेमतेम ६९ हजार होती. कामं अंगमेहनतीची, त्यामुळे दुखापती आणि दुखण्यावरच्या गोळ्याही भरपूर. २००९ साली तिथे दर लाख लोकांमागे ४६.६ मृत्यू अशा अतिमात्रेने झाले.

फ्रेड ब्रेसन हे तिथल्या हॉस्पिसमधले धर्मोपदेशक. शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या गोळ्या घरातलीच माणसं घेतात किंवा विकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुढाकार घेऊन 'प्रोजेक्ट लाझरस' उभा केला. डॉक्टरांनी गोळ्या जपून लिहायला आणि रुग्णावर नीट लक्ष ठेवायला सुरुवात केली. उरलेल्या गोळ्या परत घेण्याची सोय झाली. शाळा आणि चर्च यांनी हा विषय उघडपणे बोलायला घेतला. धोक्यातल्या रुग्णांना नॅलोक्सोन दिलं गेलं. हे औषध ओपिऑइडचा परिणाम उलटवून श्वास परत आणू शकतं. २०१० मध्ये मृत्यूचं प्रमाण २९ वर आलं.

छोट्या भागाचे आकडे वरखाली होतात, त्यामुळे सगळं श्रेय एका उपक्रमाला देणं बरोबर नाही. पुढे बेकायदा फेंटानिल आल्यावर अमेरिकेत हा प्रश्न आणखी उग्र झाला. तरीही एक गोष्ट मला पटते. गोळी दवाखान्यातून निघते, घरात राहते, शेजारी पोचते. मग अडवायचं कामही या सगळ्या ठिकाणी व्हायला हवं.

आपल्याकडे

'हे अमेरिकेचं दुखणं' असं म्हणू नका. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे २.२६ कोटी लोक ओपिऑइड घेतात, आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे.

माझा एक तरुण रुग्ण होता. अपघातानंतर वेदनेच्या औषधांची सवय लागली. 'लग्न जमणार नाही' म्हणून घरच्यांनी दोन वर्षं लपवलं. मग त्याला एका केंद्रात ठेवलं, तो शुद्ध होऊन परत आला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही. पुढची औषधं कोणी लावली नाहीत, विचारपूस कोणी केली नाही. काही आठवड्यांनी त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली. दरम्यान शरीराची सहनशक्ती उतरली होती, आणि त्याचा श्वास थांबला. व्यसन सुटल्यानंतरचे आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे त्याच्या आईला मी आधी सांगायला हवं होतं.

गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हा उपक्रम दारू आणि तंबाखूविरुद्ध गावागावांत काम करतो. गावाची संघटना आणि उपचार या दोन्हींची सांगड तिथे घातली जाते. मग गोळ्या-इंजेक्शनांच्या बाबतीत आपण गप्प का?

तुम्ही काय करू शकता?

• उरलेल्या वेदनाशामक गोळ्या कुणाला देऊ नका. त्या कशा नष्ट करायच्या हे डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारा.
• चिठ्ठीशिवाय अशी औषधं मागू नका. दुकानदाराने नकार दिला तर त्याच्याशी भांडू नका.
• व्यसनाच्या रुग्णाला मारहाण करू नका, कोंडू नका. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोनसारखी औषधं अनेकांना दीर्घकाळ लागतात. ती म्हणजे 'एका नशेऐवजी दुसरी' नव्हे.
• कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल तर व्यसनाच्या भीतीने ते बंद करू नका. फक्त कुलपात ठेवा.
• स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ नुसार काही अटींवर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.
• व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे: १४४४६.

गावात कुणाला साप चावला तर आपण त्याची चूक शोधत बसत नाही, गाडी काढतो. या आजारातही आधी गाडी काढूया.