विश्लेषण : दुचाकीला बाहेरून बसवलेले क्रूझ कंट्रोल का बिघडते? दुरुस्तीत कोणती चूक जिवावर बेतू शकते?

ऑगस्ट २०२५ मध्ये हिरो मोटोकॉर्पने ‘ग्लॅमर एक्स’ ही १२५ सीसीची मोटरसायकल क्रूझ कंट्रोलसह बाजारात आणली. सुरुवातीची किंमत होती सुमारे ९० हजार रुपये. तोवर ही सुविधा ‘टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१०’सारख्या मोठ्या गाड्यांमध्ये दिसत असे. आता रोजच्या वापरातल्या गाडीलाही ती मिळते म्हटल्यावर, आहे त्याच गाडीला बाहेरून संच बसवून घ्यावा का, असा प्रश्न अनेकांना पडतो. मात्र असा संच बसवल्यानंतर तो नीट चालेलच याची खात्री नसते. तो बिघडतो तेव्हा दोष बहुतेकदा यंत्रात नसून जोडणीत असतो आणि घाईची दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा घातक ठरू शकते.

क्रूझ कंट्रोल नेमके काय करते?

ॲक्सिलरेटरची मूठ धरून न ठेवताही गाडी ठरवलेल्या वेगाने चालत ठेवणे, हे त्याचे काम. अमेरिकेतील अंध अभियंते राल्फ टीटर यांना १९५० मध्ये अशा यंत्रणेचे पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायसलरने ती मोटारीत दिली. तत्त्व आजही तेच आहे. चाकाचा वेग मोजायचा, ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहायचा आणि इंजिनाला मिळणारी हवा त्यानुसार कमी-जास्त करायची. त्याच वेळी ब्रेक किंवा क्लच दाबला गेला का, यावर लक्ष ठेवायचे आणि दाबला जाताच बाजूला व्हायचे. यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे.

बाहेरून बसवायचे संच किती प्रकारचे?

केबलच्या गाड्यांसाठी दोन प्रकार आहेत. एकात इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा पडदा ॲक्सिलरेटरची केबल ओढतो, दुसऱ्यात छोटी विद्युत मोटर ओढते. ‘राइड बाय वायर’ गाड्यांमध्ये मूठ आणि इंजिन यांच्यात केबलच नसते. तिथे संच मुठीकडून इंजिनाच्या संगणकाकडे जाणाऱ्या विद्युत संदेशात शिरतो. बाजारात क्रूझ कंट्रोल म्हणून मूठ जागच्या जागी अडकवणारे स्वस्त क्लॅम्पही विकले जातात. पण ते क्रूझ कंट्रोल नव्हे. चढ आला की वेग पडतो, उतारावर वाढतो आणि ब्रेक दाबला तरी मूठ अडकलेलीच राहते.

बटण दाबूनही यंत्रणा सुरू का होत नाही?

ही सर्वांत नेहमीची तक्रार. यंत्रणा सुरू होण्याआधी काही गोष्टींची खातरजमा करते. वेगाचा संदेश येतो आहे का, ब्रेक मोकळा आहे का, क्लच सुटलेला आहे का, अर्थिंग पक्के आहे का. यातल्या एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर ती सुरू होत नाही. शिवाय अनेक संच साधारण ताशी ५० किलोमीटरपेक्षा कमी वेगात चालूच होत नाहीत. म्हणजे सुरू न होणे हा दर वेळी बिघाड नसतो. अनेकदा ती यंत्रणेने बाळगलेली सावधगिरी असते.

शोध सोप्या गोष्टींपासून घ्यावा. आधी फ्यूज, मग अर्थिंग. रंग दिलेल्या किंवा गंजलेल्या भागावर अर्थिंगची वायर कसलेली असेल तर संपर्क नीट होत नाही. ती साफ केलेल्या धातूवर किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडावी. त्यानंतर वेगाचा सेन्सर. चाकाजवळ चुंबक लावून वेग मोजणाऱ्या संचात चुंबक आणि सेन्सर यांच्यात जास्त अंतर पडले तर संदेशच पोहोचत नाही.

एलईडी दिव्याचा यात काय संबंध?

जुन्या पद्धतीचे अनेक संच ब्रेकची स्थिती मागच्या दिव्याच्या वायरवरून ओळखतात. ब्रेक मोकळा असताना ही वायर बल्बच्या तारेतून अर्थला जोडलेली असते. तेव्हा यंत्रणेला शून्य व्होल्ट दिसतो आणि सारे ठीक असल्याचे समजते. ब्रेक दाबला की तिथे १२ व्होल्ट येतात आणि यंत्रणा बंद होते. बल्ब गेला तर अर्थचा मार्ग तुटतो, म्हणून यंत्रणा सुरूच होत नाही. बल्बच्या जागी एलईडी दिवा असला तरी हेच घडते, कारण अत्यल्प विजेला तो बल्बसारखी वाट देत नाही. यंत्रणेच्या दृष्टीने तो गेलेला बल्बच.

मग सर्वांत मोठी चूक कोणती?

काही वेळा यावर झटपट उपाय म्हणून ब्रेकची ती वायर दिव्यापासून तोडून कायमची अर्थला जोडली जाते. यंत्रणा लगेच सुरू होते आणि काम झाले असे वाटते. पण आता ब्रेक दाबल्याचे तिला या वायरमधून कधीच कळणार नाही. बंद करण्याची दुसरी सोय नसेल तर चालक ब्रेक दाबत असताना यंत्रणा मात्र केबल ओढत राहील.

योग्य उपाय रिलेचा आहे. ब्रेक मोकळा असताना रिले ती वायर अर्थला जोडतो आणि ब्रेक दाबताच तिच्यावर १२ व्होल्ट देतो. हे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ब्रेकने घडते का, हे मल्टिमीटरने स्वतंत्रपणे तपासावे.

वेग सतत वर-खाली का होतो?

गाडी हिसके देत चालत असेल तर दोन कारणे आधी पाहावीत. केबलमध्ये जास्त ढिलाई असेल तर यंत्रणा ओढते तेव्हा आधी काहीच होत नाही आणि मग एकदम वेग वाढतो. दुसरे कारण संवेदनशीलतेचे सेटिंग. मोटारीसाठीचे सेटिंग हलक्या दुचाकीला फार तीव्र ठरू शकते. चढावर वेग पडत असेल तर संशय व्हॅक्यूमवर घ्यावा. चढावर इंजिनातला व्हॅक्यूम कमी होतो आणि एक सिलिंडरच्या इंजिनात तो मुळातच धडधडत मिळतो. म्हणून एकेरी झडप आणि साठवणीची छोटी टाकी लागते. नळीला चीर असेल तरी हाच त्रास होतो.

केबल गरजेपेक्षा ताणलेली असणे मात्र धोक्याचे. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. दोन्हीकडे मूठ पिळून सोडल्यावर ती आपोआप मागे आली पाहिजे. नाही आली, तर गाडी रस्त्यावर काढू नये.

एबीएस असलेल्या गाड्यांत वेगळी काळजी काय?

अशा गाड्यांत चाकाच्या वेगाचा संदेश एबीएसच्या सेन्सरकडून येतो. संचासाठी त्याच वायरला जोड दिली आणि ती सदोष असली तर एबीएस बंद पडू शकते. जोडणीनंतर एबीएसचा दिवा पेटून राहत असेल तर क्रूझ कंट्रोल चालते याचा आनंद मानण्यात अर्थ नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटी आणि विम्याच्या अटीही आधी वाचलेल्या बऱ्या.

पहिली चाचणी कशी घ्यावी?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे लांबचा प्रवास ट्रॅक्टर, पादचारी आणि उलट दिशेने येणारी वाहने असलेल्या रस्त्यांवरूनच होतो. तिथे यंत्रणा किती छान चालते यापेक्षा किती झटकन सुटते हे महत्त्वाचे. मोकळ्या सरळ रस्त्यावर पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच आणि बंद करण्याचे बटण यांनी ती एकेकदा बंद करून पाहावी. संचाचा वीजपुरवठा इंजिन बंद करण्याच्या लाल बटणातून घेतलेला असावा, म्हणजे काहीही अडकले तरी एका अंगठ्याने सगळे थांबते. चारपैकी एकानेही यंत्रणा सुटली नाही, तर ती दुरुस्त होईपर्यंत संचाचा फ्यूज काढून ठेवावा.