फुटसालची पाटी कोरी का?

फुटसाल म्हणजे लहान मैदानातला पाच-पाच जणांचा फुटबॉल. भारताच्या फुटसाल संघानं आजवर काय मिळवलं, असं विचारलं की सोलापुरात साधारण दोन उत्तरं ऐकू येतात. एक, ‘तो आपला खेळच नव्हे, आपण खो-खोवाले.’ दुसरं, ‘दम धरा, आता जिकडंतिकडं टर्फ झालीत, येतील पोरं वर.’ पहिल्यात न्यूनगंड आहे, दुसऱ्यात भाबडेपणा. दोन्हींतून सोय मात्र एकच साधते: आपण हातपाय हलवायला नकोत.

आधी कामगिरी पाहू. ऑक्टोबर 2023 मध्ये आपला संघ आशियाई चषकाची पात्रता फेरी खेळायला ताजिकिस्तानात, दुशान्बेला गेला आणि एकही सामना न जिंकता परतला. सप्टेंबर 2025 मध्ये कुवेतला पुन्हा पात्रता फेरी. यजमान कुवेत आणि ऑस्ट्रेलियापुढे निभाव लागला नाही, पण इराणी प्रशिक्षक रेझा कोर्डी यांच्या हाताखाली खेळणाऱ्या संघानं मंगोलियाला 3-0 असं हरवलं. तो भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय.

‘रक्तातच नाही’ म्हणणाऱ्यांनी इथं तारखा बघाव्यात. फुटसालची आशियाई स्पर्धा सुरू झाली 1999 मध्ये. आपण तिच्या दारात पोचलो 2023 मध्ये. चोवीस वर्षं जो वर्गातच बसला नाही, त्याच्या निकालावरून त्याची अक्कल कशी काढता? आणि गरिबीचं कारण तर सांगूच नका. 2024 मध्ये अफगाणिस्तान पहिल्यांदा विश्वचषकाला गेला आणि थेट शेवटच्या सोळा संघांत पोचला. त्यांच्याकडं आपल्यापेक्षा पैसा जास्त आहे, असं कुणी म्हणणार आहे का?

पैसा आपल्याकडं होता. जुलै 2016 मध्ये प्रीमियर फुटसाल नावाची लीग भरली. रोनाल्डिन्हो गोव्याकडून उतरला, एका सामन्यात त्यानं पाच गोल मारले. रायन गिग्जच्या मुंबईनं विजेतेपद पटकावलं. विराट कोहली सदिच्छादूत, ए. आर. रहमान यांचं गाणं, सगळा थाट. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता तेवढी नव्हती, आणि देशाचा संघही नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलंबियातल्या विश्वचषकात इराणनं ब्राझीलला घरी पाठवलं. आपण दिग्गज भाड्यानं आणत होतो तेव्हा शेजारचे लोक रोनाल्डिन्होच्या देशाला हरवत होते. याला दैव म्हणत नाहीत.

आता टर्फ. रात्री अकरा वाजता एखाद्या टर्फवर जाऊन बघा. चारी बाजूंनी जाळी, पायाखाली प्लास्टिकचं गवत, तासावर भाडं, आणि बहुतेक वेळा चाललेलं असतं बॉक्स क्रिकेट. फुटबॉल असलाच तर चेंडू नेहमीचा मोठा. तो जाळीवर आपटून परत येतो आणि खेळ पुढं चालू. फुटसालला जाळी चालत नाही. चेंडू रेषेबाहेर गेला की किक-इन, आणि ती चार सेकंदांत मारायची. चेंडू लहान आणि मुद्दाम मंद उसळीचा: दोन मीटरवरून सोडला तर 50 ते 65 सेंटिमीटरच उसळायला हवा, म्हणजे जेमतेम गुडघ्यापर्यंत. जमीन टणक, सपाट, शक्यतो लाकडी. एका डावात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला दहा मीटरवरून, समोर भिंत न लावता, थेट फटका मिळतो. टर्फवर रोज खेळणारा पोरगा जाळीचा आधार घ्यायला शिकतो, आणि फुटसालमध्ये नेमका तोच आधार नसतो. त्यामुळे टर्फ वाढली म्हणून फुटसाल वाढेल, हे तर्कट मला पटत नाही.

‘आपण खो-खोवाले’ हे मात्र खरं आहे, आणि माझा सगळा भर त्यावरच आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारतानं नेपाळला 54-36 असं हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्या संघातला रामजी कश्यप माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा. वेळापुरात अर्धनारी नटेश्वर क्रीडा मंडळाची माती आधी होती. लीग, दूरदर्शन, विश्वचषक हे सगळं मागाहून आलं. फुटसालमध्ये आपण नेमका उलटा क्रम लावला. खो-खोचं नाव सांगून फुटसाल नाकारणाऱ्यांना वेळापूरचा धडाच कळलेला नाही.

शिवाय या दोन खेळांत वाटतं तेवढं अंतर नाही. झटक्यात दिशा बदलणं, हुलकावणी, चिंचोळ्या जागेत धावणाऱ्याला कोंडणं, हे खो-खोपटूला लहानपणापासून येतं. मैदानाचंही तसंच. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर. आंतरराष्ट्रीय नसलेल्या फुटसाल सामन्याला किमान 25 बाय 16 पुरतं. मातीवर खेळता येणार नाही हे कबूल, पण हँडबॉलचं मैदान 40 बाय 20, म्हणजे फुटसालच्या आंतरराष्ट्रीय मापाचं, आणि गोलही तोच, तीन बाय दोनचा. ज्या शाळेत, महाविद्यालयात हँडबॉलसाठी पक्की, गुळगुळीत फरशी आहे, तिथं नवं बांधकाम लागत नाही. लागतात चार चेंडू, वेगळ्या रंगाचा पट्टा आणि नियम वाचलेला एक क्रीडाशिक्षक.

‘खो-खोची पोरं पळवाल,’ ही भीती क्रीडाशिक्षक बोलून दाखवतील. पळवू नका. खो-खोच्या स्पर्धा संपल्यावरचे महिने द्या, आणि मुलींनाही द्या. महिलांचा फुटसालचा पहिला विश्वचषक 2025 मध्ये फिलिपिन्समध्ये होऊनही गेला. कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात शालेय संघांची पहिली स्पर्धा भरवायची तर अर्ज कुणी करायचा, एवढंच ठरायचं बाकी आहे.