मदरबोर्ड बदलला की मालकी संपली?

मंडळी, सायकलची ट्यूब बदलली, चेन बदलली, सीट बदललं, तरी सायकल आपलीच राहते ना? उद्या फ्रेम मोडली आणि नवी फ्रेम घालून जुनी चाकं त्यावर चढवली, तर "आता घंटी वाजवायची परवानगी नव्याने घ्या" असं कोणी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र जवळजवळ असंच घडतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते आधी ठाऊकच नसतं.

आपण म्हणतो, "संगणकाबरोबर विंडोज विकत घेतली." मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून सांगतो, इथे क्रियापदच चुकतंय. आपण विकत घेतो तो फक्त वापरण्याचा परवाना! आणि त्याचे मुख्य प्रकार दोन. तयार संगणकाबरोबर येतो तो ओईएम परवाना. तो त्या यंत्राशी, म्हणजे व्यवहारात मदरबोर्डशी, बांधलेला असतो. रॅम वाढवा, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, हरकत नाही. मदरबोर्ड बिघडला आणि कंपनीने त्याच जातीचा बसवून दिला, तरी चालतं. पण तुम्ही हौसेने किंवा गरजेने अधिक चांगला मदरबोर्ड घातलात, तर ते नवं यंत्र ठरतं आणि जुना परवाना तिथेच संपतो. दुसरा प्रकार रिटेल. तो महाग असतो, पण जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. अट एवढीच, की एका वेळी एकाच यंत्रावर.

हे आजचं नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आली, तेव्हापासून संगणकाच्या भागांची नोंद ठेवून ताळा जुळवायची पद्धत घरोघरी आली. २००९ च्या विंडोज सेव्हनची 'स्टार्टर' नावाची स्वस्त आवृत्ती आठवते का? यंत्रात चार जीबी रॅम घातली तरी ती दोनच वापरायची. पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलू द्यायची नाही! रॅम तुमच्या पैशांची, पण तिच्यावर मर्यादा परवान्याची.

आता दुसऱ्या टोकाने तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची जादा मुदत ठेवली, हे मान्य. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे चांगला चालणारा जुना संगणक बाद. तो वाचवायला मदरबोर्ड बदलावा, तर परवाना बाद. इकडे आड, तिकडे विहीर.

कोणी म्हणेल, बंधन नसेल तर एकच प्रत दहा जण वापरतील. मुद्दा बरोबर आहे. चोरीला माझाही विरोधच आहे. पण दहा प्रती काढणं वेगळं आणि एकच प्रत जुन्या यंत्रावरून नव्यावर नेणं वेगळं. रिटेल परवान्यात हे जमतं, म्हणजे तांत्रिक अडचण काहीच नाही. अडचण आहे ती धोरणाची.

आमच्या पुंडलिकनगरात काय किंवा तुमच्या गावात काय, संगणक घेणारा माणूस पै पै जोडून घेतो. शिकवणीवाला असो की झेरॉक्सवाला, दर दोन-तीन वर्षांनी एखादा भाग बदलून तो यंत्राचं आयुष्य वाढवतो. एका दुकानात मी मुद्दाम विचारलं, "हा परवाना कोणत्या प्रकारचा?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, एकदम ओरिजिनल आहे." अरे बाबा, ओरिजिनल आहे हे कळलं, पण पुढच्या यंत्रावर नेता येईल का? त्यावर त्याने दोन फोन लावले. उत्तर काही मिळालं नाही. दोष त्या पोराचा नाही, त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा परवाना ओईएम की रिटेल, आणि मदरबोर्ड बदलल्यावर त्याचं काय होणार, हे बिलावर स्वच्छ मराठीत छापलेलं असावं. दुसरं, केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून संकेतस्थळ सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क सुट्या भागांपुरता ठेवून कसं चालेल? यंत्र दुरुस्त झालं आणि आतली प्रणाली रुसली, तर त्या दुरुस्तीला अर्थ काय!

आणि हो, लिनक्सचा रस्ता आहेच. तिथे कितीही मदरबोर्ड बदला, कोणी विचारत नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त प्रणालींवर चालतात. आपल्या सीडॅकने बॉस नावाची प्रणालीही केली आहे. जुना संगणक भंगारात घालण्याआधी एकदा तिकडे बघायला हरकत नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. आणि पुढचा संगणक घेताना दुकानदाराला तो एक प्रश्न विचाराच. दहा जणांनी विचारला, तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल.