तुरुंग बघितला, कारखाना राहिला

सिडनीत राहायला लागल्यापासून माझ्याकडे जो कुणी पाहुणा येतो त्याला मी कॉकटू बेटावर नेतो. ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज लोक आपले आपण बघतातच, त्याला माझी गरज नाही. या बेटावर मात्र मुद्दाम न्यावं लागतं. सर्क्युलर की वरून फेरी पकडायची आणि बेटाच्या धक्क्यावर उतरायचं. प्रवेशाला तिकीट नाही, खर्च काय तो फेरीच्या भाड्याचा. स्वस्तातली सहल!

इतक्या पाहुण्यांना नेल्यावर एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे. धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न येतो, "कैद्यांना कुठे ठेवायचे?" मग टेकडीवर चढून दगडी बराकी बघायच्या, शिक्षेच्या कोठड्यांपाशी जरा गप्प व्हायचं, "बाप रे, काय हाल असतील!" म्हणायचं. खाली उतरलं की भल्यामोठ्या शेडमध्ये गंजक्या यंत्रांपुढे उभं राहून फोटो. "भारी लोकेशन आहे रे!" ... झालं बेट बघून. फेरीत बसल्यावर गप्पा होतात त्या कैद्यांच्या. त्या शेडमध्ये कोण काम करत होतं, काय बनवत होतं, ते लोक कुठे गेले, हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही.

तुरुंग म्हणजे इतिहास आणि कारखाना म्हणजे लोकेशन, ही जी आपण सगळ्यांनी वाटणी करून टाकली आहे ना, तिच्याशी माझं भांडण आहे. ही वाटणी खोटी आहे आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही.

आधी थोडा हिशेब करू. पॅरामॅटा आणि लेन कोव्ह या दोन नद्या मिळतात तिथलं हे बेट, सिडनी बंदरातलं सगळ्यात मोठं, साधारण अठरा हेक्टर. १८३९ मध्ये गव्हर्नर जॉर्ज गिप्सने नॉरफोक बेटावरचे कैदी इथे आणले. १८६९ मध्ये उरलेल्या कैद्यांना शहरातल्या डार्लिंगहर्स्टच्या तुरुंगात हलवलं. म्हणजे ज्या तुरुंगासाठी आपण जातो तो तीस वर्षांचा. आणि गोदी? फिट्झरॉय डॉक ही सुकी गोदी १८५७ मध्ये कामाला लागली आणि बेटावरचं काम थांबलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. सव्वाशेहून जास्त वर्षं. पहिल्या महायुद्धाच्या काळात या एवढ्याशा बेटावर चार हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर, नैऋत्य पॅसिफिकमधल्या जहाजदुरुस्तीचा मोठा भार या गोदीवर आला. 'क्वीन मेरी' आणि 'क्वीन एलिझाबेथ' ही आलिशान प्रवासी जहाजं सैन्य वाहून नेण्याजोगी करण्यात इथल्या कामगारांचा हात होता.

आता तुम्ही म्हणाल, वर्षं मोजून काय होतं? अंदमानातलं एक वर्ष आणि एखाद्या कारखान्यातलं एक वर्ष सारखं कसं धरायचं? बरोबर आहे. दुःख तागडीत घालून मोजता येत नाही. पण मुळात तुरुंग आणि गोदी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे गृहीतक तरी कुठून आलं?

फिट्झरॉय डॉक खोदली कुणी? कैद्यांनी. गॉदर केर मान नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली वालुकाश्म फोडून दहाएक वर्षं हे काम चाललं. त्याआधी याच कैद्यांनी खडकात बाटलीच्या आकाराची धान्याची कोठारं खोदली. वर अरुंद तोंड, खाली प्रशस्त पोट, आपल्याकडच्या पेवासारखी. दुष्काळासाठी गहू साठवावा ही गिप्सची कल्पना. लंडनच्या सरकारने ती मोडीत काढली, कारण काय, तर सरकारने धान्य साठवलं तर बाजारात ढवळाढवळ होते! खडक फोडून झाला होता, घाम गाळून झाला होता, आणि कोठारं निरुपयोगी ठरली. बेटावरचा फोडलेला दगड शहरात बांधकामाला गेला. ज्या सर्क्युलर कीवरून आपण फेरी पकडतो तिच्या भिंतीतही इथला दगड आहे.

म्हणजे हा तुरुंग माणसं नुसती डांबून ठेवण्यासाठी नव्हता. फुकट मजूर एका जागी ठेवायची ती सोय होती. कैदी गेले आणि पगारी मजूर आले. दगडाच्या जागी पोलाद आलं. त्याच गोदीच्या काठावर, त्याच बेटावर, धागा एकच आहे: मेहनत कुणाची, आणि ती कुणाच्या कामी आली? तुरुंग वर आणि कारखाना खाली अशी दोन तिकिटं फाडली की हा धागा तुटतो. वरच्या मजल्यावर हळहळ, खालच्या मजल्यावर फोटो.

मधला एक काळ तर आपण सगळेच ओलांडून जातो. १८७१ मध्ये याच रिकाम्या तुरुंगात मुलींची 'इंडस्ट्रियल स्कूल' आणि सुधारगृह सुरू झालं. बेटाला नवं नाव दिलं, बिलोएला. नाव बदललं, भिंती त्याच. शाळेतल्या बहुतेक मुलींचा गुन्हा काय होता? त्या निराधार होत्या. आईबापांना सांभाळता येत नव्हत्या, रस्त्यावर सापडल्या होत्या. त्यांना कैद्यांच्या बराकीत ठेवलं आणि त्याला शाळा म्हटलं. १८८८ पर्यंत हे चाललं. दरोडेखोराची गोष्ट सगळ्यांना हवी असते, या मुलींपाशी कुणी थांबत नाही.

दरोडेखोर म्हणजे फ्रेडरिक वॉर्ड. १८६३ मध्ये तो बेटावरून पोहून पळाला आणि पुढे 'कॅप्टन थंडरबोल्ट' या नावाने गाजला. त्याची बायको पाण्यातून पोहत आली, तिने कानस आणून दिली, अशी फर्मास दंतकथाही जोडलेली आहे. इतिहासकारांनी ती फेटाळली तरी ती मरत नाही. का मरेल? तुरुंगाच्या गोष्टीत सगळं असतं हो. दुष्ट जेलर, शूर कैदी, पाण्यातली उडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या गोष्टीतले सगळे मेलेले असतात. जेलर मेला, कैदी मेला, ज्या साम्राज्याने त्यांना इथे पाठवलं तेही आटोपलं. ऑस्ट्रेलियात तर आता पणजोबा कैदी होते हे अभिमानाने सांगतात. आपल्याला फक्त हळहळायचं आहे. कुणाचं देणं निघत नाही.

कारखान्याची गोष्ट एवढी स्वस्तात सुटत नाही. १९८० च्या दशकात सरकारने गोदी बंद करायचं ठरवलं तेव्हा १९८९ मध्ये इथल्या कामगारांनी संप केला आणि बेटावरच ठाण मांडलं. ज्या बेटावरून लोक पळून जायला धडपडायचे, तिथून आम्हाला हलवू नका म्हणून माणसं बसून राहिली! या एका वाक्यात बेटाचा निम्मा इतिहास आहे, पण ते फेरीतल्या गप्पांत कधी येत नाही. संप हरला. गोदी बंद झाली. यंत्रांचा लिलाव झाला आणि चाळीसएक इमारती पाडून टाकल्या. त्या संपातली कित्येक माणसं आजही याच शहरात म्हातारी होत आहेत. त्यांची गोष्ट ऐकायची तर प्रश्न आजचे होतात. बंद करण्याचा निर्णय कुणाच्या फायद्याचा होता? वीस-वीस वर्षं कमावलेलं कसब एका सकाळी कुचकामी ठरतं तेव्हा त्याची भरपाई कोण करतं? जहाजबांधणीत त्या काळी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरायचे. त्याची धूळ फुफ्फुसात बसते आणि आजार तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. म्हणजे कारखाना बंद झाला तरी त्याचा हिशेब बंद होत नाही. गंजक्या यंत्रापुढे 'पोज' देताना हे आठवणं सोयीचं नाही, हे मला कळतं.

२०१० मध्ये हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ऑस्ट्रेलियातल्या अकरा 'कन्व्हिक्ट साइट्स'पैकी एक म्हणून. तो मान रास्तच आहे. पण बघा, मान मिळाला तो कैद्यांच्या खात्यावर. जगाने शिक्का मारला तोही टेकडीवरच्या मजल्यालाच.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो. "अरे, लोक सुटीच्या दिवशी येतात, पोरं खेळतात, रात्री तंबूत राहतात, प्रदर्शनं भरतात, म्हणून तर बेट टिकलंय. तू कशाला विरजण घालतोस?" मला तंबूंचा अजिबात राग नाही. २००८ पासून इथे तंबूत राहता येतं, त्याच वर्षापासून सिडनीचं कलाप्रदर्शन, बिएनाले, इथे भरायला लागलं, आणि बंदरात पहाट बघायला याहून चांगली जागा नाही. संरक्षण खात्याच्या बंदराकाठच्या जमिनी विकून टाकायचा घाट १९९० च्या दशकात घातला होता. सिडनीकरांनी आरडाओरडा केला म्हणून २००१ मध्ये त्यांच्यासाठी विश्वस्त संस्था झाली. नाहीतर या बेटावर आज काय उभं राहिलं असतं याची कल्पना मुंबईकराला सांगायला नको. माहितीफलकही आहेत, आणि चांगले आहेत. दोष बेट सांभाळणाऱ्यांचा कमी आणि बघणाऱ्यांचा जास्त. फलक वाचायचा की नाही हे शेवटी आपल्या हातात असतं.

दुसरा आक्षेप जरा जड आहे. "कारखान्यात रोज काय घडतं? माणसं कामाला जातात, पगार घेतात, घरी येतात. त्यात बघण्यासारखं काय?" हे ऐकलं की मात्र माझं डोकं फिरतं. बेटावर 'मोल्ड लॉफ्ट' नावाची इमारत आहे. तिच्या लाकडी जमिनीवर जहाजाच्या भागांच्या रेषा पूर्ण आकारात आखायचे. जहाज आधी जमिनीवर रेखलं जायचं आणि मग पोलादात उतरायचं. गुडघ्यांवर बसून, रांगत, माणसं हे काम करत. 'व्हॉयेजर' ही विनाशिका इथेच बांधली, १९५२ मध्ये ती पाण्यात उतरली. १९६४ मध्ये 'मेलबर्न' या विमानवाहू जहाजाशी टक्कर होऊन ती बुडाली, ८२ माणसं गेली. ज्यांनी ती जोडली होती त्यांना त्या रात्रीची बातमी ऐकून काय वाटलं असेल? शांततेच्या काळातली ऑस्ट्रेलियन नौदलाची ती सगळ्यात मोठी दुर्घटना. रोजच्या कामात काही घडत नाही म्हणणाऱ्याने आयुष्यात रोजचं काम केलेलं नसावं, किंवा ते नीट बघितलेलं नसावं.

आणि हे मी मराठीत का लिहितोय? कारण हा रोग आपल्या चांगला ओळखीचा आहे. अंदमानला जाऊन सेल्युलर जेलमध्ये डोळे पुसणारे आपण. पुसावेत, जागा तशीच आहे. पण तो तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात बांधला कुणी? तिथल्याच कैद्यांनी, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. आणि मुंबई? १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले. आज त्याच जागांवर मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत, आणि मधेच एखादी चिमणी शोभेला ठेवलेली. भोंगा वाजला की अख्खं गिरणगाव पाळीवर निघायचं. ती माणसं अजून आहेत, त्यांची मुलंबाळं आहेत. चिमणी 'हेरिटेज' झाली, तिच्याखाली धूर खाल्लेला माणूस झाला नाही.

कुणी म्हणेल, मग खरी सुरुवात कैद्यांच्याही आधीपासून करा की. जरूर करा. या बेटाला इथल्या मूळ लोकांचं नाव आहे, वारेआमा. २००० साली इझाबेल को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावर येऊन मुक्काम ठोकला आणि ही जमीन आमची आहे असा दावा केला. न्यायालयाने तो मानला नाही. त्या मुक्कामाला, कामगारांच्या ठाण मांडण्याला आणि त्या मुलींच्या 'शाळेला' कोठड्यांइतकाच वेळ द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर पुढच्या वेळी कुणी या बेटावर जाणार असेल तर एक विनंती. टेकडी नंतर चढा. आधी खाली फिट्झरॉय डॉकच्या काठावर जा आणि दगडाकडे बघा. तो माणसांनी हाताने फोडलेला आहे. मग टर्बाइन शॉपमध्ये जा, आणि फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहा. तिथे एके काळी एवढा आवाज असायचा की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत असेल. मग वर जा, कोठड्या बघा, हळहळा. क्रम बदलला की वरच्या भिंतीही वेगळ्या दिसतात.

आणि "कैद्यांना कुठे ठेवायचे?" विचारून झालं की दुसरा प्रश्नही विचारा. इथे काम कोण करायचं, आणि त्यांचं पुढे काय झालं? याचं उत्तर देऊ शकणारी माणसं अजून जिवंत आहेत. फार वर्षं नसतील.