विश्लेषण : घराची दुरुस्ती काढली; सामान कुठे ठेवायचे?

शिरूर किंवा दौंडमध्ये जुन्या घराचे छत उतरवायचे ठरले, की गवंड्याआधी प्रश्न येतो सामानाचा. सागवानी कपाट, गाद्या, पैठण्या, खरेदीखताच्या फायली हे सारे काही महिने घराबाहेर राहणार असते. सोपा मार्ग म्हणजे शेजारची पत्र्याची शेड आणि वर ताडपत्री. फुकटचा वाटणारा हाच मार्ग महागात पडू शकतो.

पत्र्याची शेड का नको?
दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपर्यंत जातो. पत्र्याखाली उकाडा त्याहून जास्त. लाकूड आकसते, फटी पडतात. पावसाळ्यात उलटे होते. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, तर कापड, कागद, चामड्यावर बुरशी धरते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या गादीत तर ओल आतच कोंडते.

मग शीतगृह चालेल?
नाही. बटाट्याचे शीतगृह थंड असते, पण तिथे आर्द्रता मुद्दाम ९० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. घरसामानाला साधारण ५० टक्के आर्द्रता आणि फारसे चढउतार नसलेले तापमान हवे. ‘क्लायमेट कंट्रोल’चा अर्थ हा आहे, नुसता गारवा नव्हे.

सगळेच पुण्याला न्यायचे?
पुण्यात सामानासाठी भाड्याने जागा मिळते. पण भाडे आणि टेम्पोचा खर्च पाहता सगळे तिकडे नेण्यात शहाणपण नाही. मूळ कागदपत्रे, जुने फोटो, रेशमी वस्त्रे, वाद्ये एवढेच नियंत्रित हवेत ठेवावे. बाकीच्यासाठी पक्क्या स्लॅबची कोरडी खोली पुरते. तिथे कांदाचाळीचा धडा गिरवावा: माल जमिनीपासून उंच आणि खालून हवा खेळती. विटांवर फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, वर सुती चादर.

नुकसान झाले तर?
भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १५१नुसार, दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या मालाची घेतो तेवढी काळजी घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनही माल खराब झाला, तर वेगळा करार नसल्यास जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणून सामानाची यादी, फोटो, आर्द्रतेची मर्यादा आणि भरपाई लेखी घ्यावी.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सिमेंट-सळईसोबत साठवणुकीचा खर्चही पहिल्याच दिवशी धरायला हवा. सातबारा पुन्हा काढता येतो; आजीचा एकुलता फोटो नाही.