कार्ट रेसिंग गेममधली गाडी: खेळ कुठं संपतो आणि खर्च कुठं सुरू होतो?

आडत्याकडून मोसंबीची पट्टी झाली की पैसे जमा झाल्याचा मेसेज ज्या फोनवर येतो, त्याच फोनवर संध्याकाळी पोरं गाड्यांची शर्यत खेळत असतात. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीच्या मोसंबी पट्ट्यातल्या घरांसाठी हे काही नवं नाही. फोन एकच, त्यातच यूपीआय आणि त्यातच गेम. अशा वेळी गेममध्ये एक चकचकीत गाडी समोर येते आणि खाली किंमत लिहिलेली असते.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानंतर 'आता गेममध्ये पैसे जाणं बंद झालं' असा अनेकांचा समज झाला. पण या गाडीला तो कायदा लागू होतो का?

आधी ही गाडी काय भानगड आहे?

कार्ट म्हणजे छोटी, उघडी शर्यतीची गाडी. 1992 मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीनं 'सुपर मारिओ कार्ट' आणला. त्यात आठ पात्रं होती. 2003 च्या 'मारिओ कार्ट: डबल डॅश'मध्ये पात्रांना शोभतील अशा गाड्या आल्या. राजकन्या पीचची गाडी बग्गीसारखी, तर बाळ मारिओची बाबागाडीसारखी. म्हणजे पात्र आवडलं की त्याची गाडीही हवीहवीशी वाटते.

हेच सूत्र आपल्याकडेही आलं. मुंबईच्या नझारा कंपनीनं 'छोटा भीम स्पीड रेसिंग' हा मोबाइल गेम आणला. त्यात टीव्हीवरून घरोघरी पोहोचलेला भीम आणि त्याची ढोलकपूरची मंडळी गाड्या पळवतात.

मग अडचण कुठं आहे?

जुन्या गेममध्ये एकदा पैसे दिले की गाड्या खेळून मिळवायच्या होत्या. मोबाइलवर गेम फुकट झाला आणि गाडी विक्रीला आली.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'मारिओ कार्ट टूर'चं. सप्टेंबर 2019 मध्ये आलेल्या या गेममध्ये गाडी थेट निवडून घेता येईलच असं नव्हतं. 'रूबी' नावाचं गेममधलं चलन खर्चून पाइप उडवायचा आणि त्यातून जे निघेल ते आपलं. जत्रेत चिठ्ठी उचलून बक्षीस मिळतं, तसाच प्रकार. रूबी खेळूनही मिळायच्या आणि पैसे देऊनही.

शिवाय गाडी फक्त दिसायला वेगळी नव्हती. ठरावीक ट्रॅकवर ठरावीक गाडी असेल तर गुण जास्त मिळायचे. त्यामुळे वरचा नंबर हवा असेल तर ती गाडी हवीच, असं खेळणाऱ्याला वाटायचं. ऑक्टोबर 2022 मध्ये निन्टेंडोनं रूबीवर चालणारा हा पाइप बंद केला. तरीही 2023 मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या वतीनं अमेरिकेत कंपनीवर दावा दाखल झालाच. बेल्जियमनं तर 2018 मध्येच पैसे घेऊन नशिबावर वस्तू देणाऱ्या अशा काही पेट्यांना जुगार ठरवलं होतं.

भारताचा कायदा काय म्हणतो?

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला कायदा 'ऑनलाइन मनी गेम'वर बंदी घालतो. म्हणजे पैसे लावायचे आणि जिंकून पैसे किंवा तसा लाभ मिळेल ही अपेक्षा ठेवायची, असे खेळ. ते चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

फरक समजायला पुन्हा नझाराकडेच बघता येतं. 'पोकरबाजी' चालवणाऱ्या कंपनीत नझाराची मोठी भागीदारी होती. कायदा येताच पोकरबाजीनं पैशांचे खेळ थांबवले आणि नझाराचा शेअरही घसरला. छोटा भीमच्या गाड्यांना मात्र धक्का लागायचं कारण नव्हतं, कारण तिथं कुणी पैसे जिंकत नाही.

नेमकी इथंच फट आहे. कायदा 'जिंकून पैसे मिळतात का' हे विचारतो. गेममधल्या गाडीत पैसे फक्त जातात, परत काहीच येत नाही. त्यामुळे अशी खरेदी साधारणपणे या बंदीच्या बाहेर राहते.

मग घरच्यांनी काय बघायचं?

दोन प्रश्न पुरेसे आहेत. पैसे देण्याआधी नेमकी कोणती गाडी मिळणार हे कळतं का? आणि ती गाडी फक्त दिसायला वेगळी आहे, की तिच्याशिवाय हरायलाच होतं? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हरायलाच होतं' असेल, तर तो खेळ खिशाशी चालू आहे असं समजावं.

'फक्त 10 मिनिटं शिल्लक' अशी खोटी घाई दाखवणं हे केंद्राच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोडतं. त्याची तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. जालन्यात जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

पण तक्रारीपेक्षा आधीची काळजी सोपी. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी चालू ठेवावी. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून नको असलेली वर्गणी चालू नाही ना, हे बघावं. चुकून खरेदी झालीच तर गूगल प्लेवर 48 तासांच्या आत रिफंड मागावा. उशीर झाला की अवघड जातं, कारण खातं वडिलांच्या नावावर असेल तर नोंदीत खरेदीही त्यांचीच दिसते.

आणि पोराला एक गोष्ट नक्की सांगावी. दक्षिण कोरियातला 'कार्टरायडर' 2004 पासून चालला आणि 31 मार्च 2023 ला तिथं बंद झाला. त्यातल्या गाड्या घेऊन कुणाला पुढं जाता आलं नाही. जुनी सायकल विकून थोडे तरी पैसे येतात, गेममधली गाडी मात्र गेम बंद झाला की त्याच्यासोबतच जाते.