नात्याचा रकाना

दोन महिन्यांत इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारणा केली. तब्येत ठणठणीत आहे. फिरणं चालू होतं, आणि फिरताना एक विषय डोक्यात घोळत होता, तो आज उतरवून काढतो. विषय थोडा कायद्याचा आहे, पण मास्तरने लिहिलाय म्हणजे उदाहरणांसकट मिळेल.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की मी आणि माझे सोबती १९८४ पासून एकत्र राहतो. मी शाळेत मराठी शिकवायचो, ते पाटबंधारे खात्यात होते. दोघंही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. आता मी ७६ वर्षांचा, ते ७३. 'समलिंगी' हा शब्द मी इथे पहिल्यांदा लिहिला तेव्हा काही नातेवाइकांचे फोन आले, काहींचे यायचे बंद झाले. ते आता जुनं झालं.

निवृत्तीनंतर आमचा मुख्य उद्योग म्हणजे एसटीचा प्रवास. रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना तिकिटात चाळीस टक्के सवलत मिळायची, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. एसटीने मात्र २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात फुकट प्रवास दिला. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला अर्धं तिकीट. त्यामुळे सांगलीहून रत्नागिरीला जाताना एकाच बाकावर मी फुकट आणि हे अर्ध्या तिकिटात. आंबा घाट येईपर्यंत यावरून ते मला टोमणे मारतात. कंडक्टर विचारतात, "दोघे भाऊ का?" त्यावर आमचे हे गंभीर चेहऱ्याने सांगतात, "मी धाकटा."

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्या देशात दोन पुरुषांना एकत्र प्रवास करणं फार सोपं आहे. लग्न न झालेले स्त्री-पुरुष लॉजवर गेले तर मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात. काही भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली मिळत नाही. आम्ही दोघं मात्र चाळीस वर्षं कुठेही जाऊन "दोन खाटांची खोली द्या" म्हणतो आणि किल्ली हातात पडते. घरी असताना शेजारी, शाळेत असताना पालक, यांच्या नजरेचं ओझं असायचं. प्रवासात ते उतरायचं. आम्हाला फिरण्याची गोडी लागली ती देवदर्शनापेक्षा यामुळेच, हे आज सांगायला हरकत नाही. आणि हे सगळं चालू होतं तेव्हा कायद्याच्या लेखी आम्ही गुन्हेगार होतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते कलम शिथिल केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा जसंच्या तसं केलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला अखेर आमची सुटका केली. तेव्हा मी ६९ वर्षांचा होतो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती!

तर सोपेपणा तोवरच, जोवर कुणी "तुमचं नातं काय?" असं विचारत नाही. लॉजच्या रजिस्टरात 'मित्र' लिहिलं की भागतं. दवाखान्याच्या अर्जावर भागत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात कोकणात जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, "नातेवाईक कोण?" मी म्हटलं, "मी." "नातं?" मी म्हटलं, "एकत्र राहतो, चाळीस वर्षं." तो म्हणाला, "काका, तसं नाही. रक्ताचं कुणी?" मुलगा उर्मट नव्हता, बरं का. त्याने मला बसायला खुर्ची दिली. पण सही चालेना. शेवटी यांच्या नाशिकच्या पुतण्याला फोन लावला, त्याने फोनवरून होकार कळवला, मग काम पुढे सरकलं. या पुतण्याने काकांना दहा वर्षांत दोनदा पाहिलंय. त्यांना कुठल्या गोळीचं वावडं आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं, आणि ते मी नर्सला सांगितलं तेव्हा तिने लगेच लिहून घेतलं. म्हणजे माझी माहिती चालत होती, माझी सही चालत नव्हती.

गंमत अशी की पेशंट पूर्ण शुद्धीवर होते. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची स्वतःची संमती कायद्याला पुरते. रक्ताच्या नात्याचा आग्रह हा त्या खिडकीचा रिवाज होता. यावरून माझं मत असं बनलं की आमच्यासारख्यांच्या अडचणीतला अर्धा भाग कायद्याचा आहे आणि अर्धा रिवाजाचा, आणि दोन्हींचं मूळ त्या एका रकान्यात आहे. "तुमचं माणूस कोण?" हे ज्याचं त्याला विचारायच्या ऐवजी आपण त्याच्या वंशावळीला विचारतो.

कायद्याने आजवर काय दिलं ते पाहू. लग्नाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिला नाही. पण व्यवहारातल्या हक्कांचा विचार करायला सरकारने समिती नेमावी असं ठरलं. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही. रेशन कार्डासाठीही अशा जोडीदारांना एका कुटुंबातले धरावं असं राज्यांना कळवलं गेलं. ही लहान वाटणारी कामं म्हातारपणी मोठी असतात.

राहिलं काय? पहिलं पेन्शन. माझ्या सहकाऱ्यांच्या मागे त्यांच्या पत्नींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. माझं माझ्याबरोबर संपेल, यांचं यांच्याबरोबर. दुसरं घर. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने माझं घर भाचे-पुतण्यांकडे जाईल, आणि त्यात चाळीस वर्षं राहिलेला माणूस पाहुणा ठरेल. आम्ही मृत्युपत्रं केली आहेत. साध्या कागदावर होतात, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पण नॉमिनी नेमला म्हणजे झालं, असं समजू नका. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, ते कुणाच्या मालकीचे हे वारसाहक्कच ठरवतो. तिसरा दवाखाना. माणूस शुद्धीवर नसेल तेव्हा बोलायचं कुणी?

या तिसऱ्याचं उत्तर आपल्याच कायद्यात पडून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कुणाही सज्ञान माणसाला साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो रक्ताचा असायला हवा अशी अट नाही. मन बदललं तर नेमणूक केव्हाही रद्द करता येते. मनाच्या आजाराला जे चालतं ते मोडलेल्या हाडाला आणि थांबलेल्या हृदयाला का चालू नये? माझी मागणी एवढीच आहे. दवाखान्याच्या आणि पेन्शनच्या अर्जात 'पती / पत्नी / मुलगा / मुलगी' यांच्या खाली आणखी एक ओळ छापा: 'मी नेमलेली व्यक्ती'. लग्नाचा वाद चालायचा तेव्हा चालेल. आमच्याकडे तेवढी वर्षं शिल्लक नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. म्हाताऱ्यांना गोड बोलून लुबाडणारे कमी नसतात, उद्या घरगडीही 'नेमलेली व्यक्ती' होऊन बसेल. मान्य. पण लुबाडणारे रक्ताचे नसतात असं कुणी सांगितलं? सातबारावरून भावाभावांचे खटले मी आयुष्यभर पाहिले. भीती आहे म्हणूनच हे लेखी हवं, साक्षीदारांसमोर हवं आणि रद्द करता येणारं हवं. शिवाय ही ओळ फक्त आमच्यासाठी नाही. एकत्र राहणाऱ्या दोन विधवा मैत्रिणी, परदेशी मुलांचे इथे राहिलेले आईवडील, एकटे प्राध्यापक, अशा कितीतरी जणांना ती उपयोगी पडेल.

आता माझ्या भाच्या-पुतण्यांना, जे हे गुपचूप वाचतात हे मला माहीत आहे. बाळांनो, कायदा दिल्लीत बदलेल, रिवाज तुमच्या हातात आहे. लग्नाची पत्रिका पाठवता तेव्हा पाकिटावर फक्त माझं नाव घालून पुढे 'सहकुटुंब' लिहिता. ते कुटुंब माझ्या शेजारी बसून चष्मा शोधत असतं. त्यांचं नाव लिहा. एका भाचीने गेल्या वर्षी लिहिलं, तर यांनी ते पाकीट अजून टाकलेलं नाही. आणि उद्या कुठल्या दवाखान्यातून तुम्हाला फोन आला, तर "मी पुतण्या, पण तिथे जे बसलेत त्यांना विचारा, ते सांगतील तसं करा," एवढं एक वाक्य बोला. नाशिकच्या पुतण्याला हे मी समक्ष सांगितलंय. त्याने मान डोलावली आहे.

यांचा खुबा आता बरा आहे. काठी घेतात, पण घाट चढताना खिडकीची जागा सोडत नाहीत. येत्या थंडीत पुन्हा रत्नागिरीकडे जायचा बेत आहे. पिशवीत औषधांच्या डब्याशेजारी एक प्लास्टिकचं पाकीट ठेवलंय, त्यात दोघांच्या सहीचा कागद आणि त्यावर त्या पुतण्याचीही सही आहे. चालेल की नाही ते खिडकीवर कळेल. तुम्ही जोडीने, मैत्रिणीबरोबर किंवा एकटे फिरत असाल तर असा एक कागद तुम्हीही करून ठेवा, आणि त्यात कुणाचं नाव घालायचं याचा आजच्या आज विचार करा.

असो. पटलं नाही तर तसंही कळवा, वाद घालायला मला वेळच वेळ आहे.